तंबूतला साहेब आणि उभा राहिलेला शेख

जॉन फ्रेडरिक लुईस या इंग्रज चित्रकाराचं जलरंगातलं एक मोठं चित्र आहे. सिनाईच्या वाळवंटात तळ पडलाय. तंबूच्या सावलीत एक इंग्रज उमराव आरामात लवंडलाय. त्याच्याभोवती पुस्तकं, गालिचे, खाण्यापिण्याचं सामान आणि शिकारी कुत्री. समोर एक अरब शेख ताठ उभा आहे. आसपास उंट, आणि लांब डोंगराच्या कुशीत सेंट कॅथरीनचा मठ. प्रवास १८४२ चा. चित्र लंडनच्या प्रदर्शनात लागलं ते १८५६ मध्ये. जॉन रस्किनसारख्या खडूस समीक्षकानंही त्याची मनापासून तारीफ केली.

एकोणिसाव्या शतकात युरोपात अशा चित्रांची लाट होती. वाळवंट, उंटांचा काफिला, खजुरीची झाडं आणि मधेच एखादा गोरा प्रवासी. आज त्यांना प्राच्यवादी चित्रं म्हणतात. या विषयावर बोलताना आपण लगेच एका ठरलेल्या निष्कर्षावर उडी मारतो: गोऱ्यांनी पूर्वेकडच्या माणसांना बिनचेहऱ्याची केली, झालं. लुईसचं चित्र मात्र इतकं सरळ नाही. त्याचं नावच वाचण्यासारखं आहे. लांबलचक नाव आहे, त्यात 'सिनाई पर्वताच्या वाळवंटातला फिरंग्यांचा तळ' असं सुरुवातीला येतं आणि पुढे चित्रात कोण कोण आहे ते सांगितलंय. एक इंग्रज उमराव व त्याचा लवाजमा, दुभाषी महमूद, आणि जबल तूरचा शेख हुसेन. म्हणजे शेखाचं नाव आहे, दुभाष्याचं नाव आहे. नाव नाही ते एकट्या साहेबाचं! तो लॉर्ड कॅसलरे होता, हे आपल्याला इतिहासकारांकडून कळतं.

'फिरंगी' हा शब्द मी लुईसच्या तोंडी घातलेला नाही. त्याच्या मूळ शीर्षकात 'फ्रँक' असा शब्द आहे. अरब आणि तुर्क लोक सगळ्याच युरोपीय माणसांना त्या नावानं ओळखत. आपल्याकडे तोच शब्द फारसीतून 'फिरंगी' होऊन आला. मराठ्यांच्या कागदपत्रांत तो पोर्तुगीजांसाठी भेटतो आणि तलवारीच्या एका जातीलाही 'फिरंग' हे नाव चिकटलं. लुईस दहा वर्षं कैरोत राहिला, १८४१ ते १८५१. तिथल्या लोकांसारखा पोशाख करायचा. थॅकरे हा कादंबरीकार त्याला तिथे भेटला आणि त्याच्या त्या ऐषारामी राहणीवर त्यानं मजेदार लिहून ठेवलंय. एवढी वर्षं राहिल्यामुळे असेल, पण आपल्याच लोकांना 'फिरंगी' म्हणण्याची गंमत त्याला सुचली.

आता शेख हुसेन तिथे का उभा आहे? कुरआनात ज्या तूर पर्वताची कसम येते, मूसा अलैहिस्सलामना जिथे साद आली असं आपण मानतो, तो हा मुलूख. युरोपीय प्रवाशांच्या दृष्टीनं ते ओसाड वाळवंट होतं. प्रत्यक्षात तिथल्या प्रत्येक वाटेला, विहिरीला आणि घाटाला मालक होता. तवारा नावाच्या बदू टोळ्यांचे शेख कैरोत येऊन प्रवाशांशी करार करायचे. किती उंट, कुठवर, किती भाड्यानं, संरक्षणाची हमी कोणाची, हे सगळं ठरायचं. शेखाच्या परवानगीशिवाय साहेबाला एक मजल मारता येत नव्हती. चित्रात जो माणूस नोकरासारखा उभा दिसतो तो खरं तर यजमान आहे, आणि लवंडलेला साहेब पैसे देऊन आलेला पाहुणा. लुईसनं हे रंगवलं की त्याच्या हातून ते नकळत उतरलं, यावर वाद घालता येईल. मला ते त्यानं रंगवलंय असं वाटतं. शेखाच्या उभं राहण्यात लाचारी अजिबात नाही.

हीच गोष्ट डेव्हिड रॉबर्ट्सबद्दल म्हणता येणार नाही. हा स्कॉटिश चित्रकार १८३९ मध्ये सिनाईमार्गे पेट्राला गेला. परतल्यावर अरबी पोशाखात आपलं व्यक्तिचित्र काढून घेतलं. त्याच्या चित्रांच्या छापील प्रती इंग्लंडमध्ये घरोघर गेल्या. त्या प्रतींत अरब माणसं आहेत, पण बहुतेक वेळा ती भग्न खांबाच्या उंचीचा अंदाज यावा म्हणून ठेवल्यासारखी. बसलेली, टेकलेली, चिलीम ओढणारी.

पुढे प्रवासीच चित्रातून नाहीसा झाला. फ्रेंच चित्रकार झ्याँ-लेऑन जेरोम हा या बदलाचा उस्ताद. त्याचं 'गारुडी' हे चित्र साधारण १८७९ चं. निळ्या फरशांच्या भिंतीसमोर एक उघडा पोरगा अंगाभोवती साप घेऊन उभा आहे आणि समोर हत्यारबंद माणसं बसून ते पाहतायत. फरशा इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातल्या आणि बाकीचा मसाला दुसरीकडचा. असा देखावा कुठेच घडला नव्हता. पण तपशील इतका चोख की पाहणाऱ्याला वाटावं, चित्रकार तिथे बसून हे बघत होता. एडवर्ड सईद यांचं 'ओरिएंटॅलिझम' १९७८ मध्ये आलं तेव्हा मुखपृष्ठावर हेच चित्र होतं. लिंडा नॉकलिन या कलेतिहासकार बाईंनी नंतर त्याच्यावर नेमकं बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं असं की, या चित्रांत गोरा माणूस दिसत नाही, पण चित्र उभं आहे ते त्याच्याच नजरेवर. लुईसच्या चित्रात साहेब समोर तरी होता. त्याला पाहता येत होतं, हसता येत होतं. जेरोमच्या चित्रात तो आपल्या डोळ्यांच्या जागी येऊन बसतो.

ही जुन्या कॅनव्हासची गोष्ट आहे असं समजू नका. २०१९ मध्ये युरोपीय संसदेच्या निवडणुकीत जर्मनीतल्या एएफडी या उजव्या पक्षानं बर्लिनमध्ये पोस्टर लावलं. त्यावर जेरोमचं १८६६ चं 'गुलामांचा बाजार' हे चित्र. एक गोरी बाई उघडी उभी आणि भोवती पागोटेवाले पुरुष तिचे दात तपासतायत. खाली मजकूर, युरोपचा 'युरेबिया' होऊ नये म्हणून आम्हाला मत द्या. अमेरिकेतल्या ज्या क्लार्क संग्रहालयात ते चित्र आहे त्यांनी हरकत घेतली, पण चित्राचे हक्क कधीच संपलेले, त्यामुळे कायद्यानं काही करता येईना. पॅरिसमधल्या स्टुडिओत रचलेला एक देखावा दीडशे वर्षांनी पुरावा म्हणून भिंतीवर आला आणि जिवंत माणसांविरुद्ध वापरला गेला.

लुईसचं ते सिनाईचं चित्र आज अमेरिकेत न्यू हेवन इथे, येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टमध्ये आहे. त्याच संस्थेच्या संग्रहात आपल्या पुण्याचा एक माणूस आहे. गंगाराम चिंतामण नवगिरे, तांबट. पेशव्यांच्या दरबारी इंग्रज वकील होता चार्ल्स मॅलेट. त्याच्यासाठी गंगाराम चित्रं काढायचा. नोव्हेंबर १७९० मध्ये पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा त्यानं काढला, तो तिथे आहे. पर्वती आहे. गंगाराम वेरूळला गेला आणि लेण्यांची रेखाटनं करून आला. मॅलेटनं सवाई माधवरावांना सांगून शनिवारवाड्यात चित्रशाळा काढवली. १७९१ मध्ये मुंबईत आलेला जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुढच्याच वर्षी पुण्यात येऊन त्या कामात सामील झाला. वेल्सही वेरूळला गेला. लेण्यांमध्ये हिंडून चित्रं काढण्याच्या नादात तापानं आजारी पडला आणि १७९५ मध्ये वारला. त्याच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलनं १८०३ मध्ये लंडनला वेरूळचं चोवीस चित्रांचं पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर दोन नावं आहेत, वेल्स आणि डॅनियल. गंगारामचं नाही.

सिनाईच्या शेखाचं नाव शीर्षकात आलं आणि पुण्याच्या तांबटाचं नाव गळालं. त्याचं कारण सोपं आहे. शेख चित्रातला विषय होता. गंगारामच्या हातात कुंचला होता.

याच मॅलेटनं आणखी एक भलंमोठं तैलचित्र करवून घेतलं, ते आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. विषय आहे १७९० मध्ये पेशव्यांच्या दरबारात झालेला तह. तरुण सवाई माधवराव, नाना फडणवीस, सरदार, मुत्सद्दी, आणि पाहुणे इंग्रज. वेल्सनं तयारी केली होती, पण तो मेला, म्हणून डॅनियलनं ते लंडनमध्ये १८०५ साली पुरं केलं. गंमत पाहा. तह झाला त्या दिवशी डॅनियल दरबारात नव्हता. वेल्सनं तर तेव्हा हिंदुस्थानात पाऊलही टाकलेलं नव्हतं. पुण्यात राहून त्याच वर्षी गेंडा काढणारा गंगाराम होता, पण दरबार रंगवायचं काम त्याला कोणी दिलं नाही.

हा तह होता टिपू सुलतानाविरुद्ध. एका बाजूला कंपनी, पेशवे आणि हैदराबादचा निजाम, दुसऱ्या बाजूला म्हैसूर. एक ब्राह्मण पेशवा आणि एक मुसलमान निजाम मिळून कंपनीच्या मदतीनं दुसऱ्या मुसलमान राज्यावर चालून गेले. आज जो तो इतिहासातून आपापल्या धर्माची फौज उभी करू पाहतो, त्याला हे चित्र अडचणीचं आहे. १७९२ मध्ये टिपूचं निम्मं राज्य गेलं आणि त्याची दोन कोवळी पोरं ओलीस म्हणून कॉर्नवॉलिसच्या हवाली झाली. त्या प्रसंगाचीही इंग्रज चित्रकारांनी चित्रं केली. त्यात कॉर्नवॉलिस प्रेमळ बापासारखा पोरांचे हात धरून उभा असतो. १७९९ मध्ये टिपू पडला.

आणि मैत्रीच्या तहाचं ते पुण्याचं चित्र १८०५ मध्ये लंडनच्या लोकांसमोर आलं तेव्हा काय घडून गेलं होतं? सप्टेंबर १८०३ मध्ये असईची लढाई. त्याच वर्षी १५ डिसेंबरला मेळघाटातला गाविलगड आर्थर वेलस्लीनं घेतला. दोनच दिवसांनी नागपूरच्या रघुजी भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. कटक गेलं, वर्धा नदीपलीकडचं वऱ्हाड गेलं. १८०४ पासून नागपूरच्या दरबारात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन रेसिडेंट म्हणून येऊन बसला. म्हणजे लंडनमध्ये लोक मराठ्यांशी दोस्तीचं चित्र पाहत होते आणि इकडे मराठ्यांचे किल्ले पडून झाले होते. मला त्या चित्राकडे पाहताना कॅनव्हासवरच्या सरदारांपेक्षा ही दोन वर्षं जास्त दिसतात.

अजिंठ्यात तर साहेबानं दुसऱ्याच्या चित्रावर थेट सही केली. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा घोडदळाचा अधिकारी शिकारीला आला असता लेण्यांपाशी पोचला. दहाव्या लेण्यातल्या एका खांबावर, जुन्या रंगवलेल्या आकृतीवरच, त्यानं आपलं नाव आणि तारीख कोरली. पर्यटक अजूनही ती शोधत असतात. आपण शाळेत 'स्मिथनं अजिंठ्याचा शोध लावला' असं पाठ केलं. वाटाडे, गुराखी, वाघूरच्या काठचे गावकरी त्या शोधात कुठे बसतात, हा प्रश्न परीक्षेत येत नाही.

त्याच ठिकाणी मेजर रॉबर्ट गिल आला तो मात्र वेगळा माणूस. मद्रास फौजेतला अधिकारी, १८४४ मध्ये कंपनीनं त्याला लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला पाठवलं. निजामाच्या मुलखातल्या अजिंठा गावी तो वर्षानुवर्षं राहिला. गावातल्या पारो नावाच्या बाईबरोबर त्याचा संसार होता. ती १८५६ मध्ये गेली. तिची कबर गावात आहे आणि गिलनं तिच्यावर आपल्या प्रेमाचा उल्लेख कोरून घेतला. ना. धों. महानोरांनी याच गोष्टीवर दीर्घ कविता लिहिली आणि पुढे सिनेमाही आला. गिलच्या नकला लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या होत्या. १८६६ च्या आगीत त्यातल्या जवळपास सगळ्या जळाल्या. गिल परत इंग्लंडला गेला नाही. १८७९ मध्ये भुसावळला त्याचा शेवट झाला. वीस वर्षांचं काम जळून गेलेला हा माणूस प्राच्यवादाच्या कुठल्या खान्यात टाकायचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

नजर एकदा तयार झाली की ती शिकवताही येते. मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून घडलेले एम. व्ही. धुरंधर आपले मोठे चित्रकार. पण साहेबांच्या पुस्तकांसाठी त्यांनी जात, धर्म, धंदा यांचे नमुने काढून दिले. ऑटो रॉथफेल्डच्या 'विमेन ऑफ इंडिया'तली चित्रं त्यांचीच. प्रत्येक बाई देखणी, आणि प्रत्येक बाई आपल्या जमातीची पाटी घेऊन उभी असल्यासारखी.

आता आमच्याकडे या. उमरेडच्या घरांत ईदच्या दिवसांत पूर्वी पोस्टानं ईद कार्डं यायची, आता मोबाईलवर चित्रं येतात. त्यात काय असतं? चंद्रकोर, खजुरीची झाडं, वाळूच्या टेकड्या आणि ओळीनं निघालेले उंट. दुकानातून मिळणाऱ्या कॅलेंडरांवरही तेच. शाळेच्या स्नेहसंमेलनात 'मुसलमान' व्हायचं असलं की पोराला पांढरा झगा आणि डोक्याला काळी दोरी. मास्तरांना दोष देऊन उपयोग नाही, पुष्कळदा तो झगा पोराच्या घरूनच येतो. उमरेडचा मुसलमान धान, मिरची, कापूस आणि सोयाबीनच्या मुलखात राहतो. एका बाजूला कोळशाची खुली खाण, दुसऱ्या बाजूला कऱ्हांडल्याचं वाघाचं जंगल. पावसाळ्यात चिखलातून गाडी निघत नाही. या गावात वाळू पाहायची तर नदीवर जावं लागतं, आणि तिथेही ती आता फारशी उरलेली नाही! तरी आपलं चित्र काढा म्हटलं की आपण उंट काढतो. मक्का-मदिनेवरचं प्रेम समजू शकतं, ते प्रत्येक मुसलमानाचं आहे. पण कार्डावरचा तो काफिला हिजाझमधून आलेला नाही. मावळत्या सूर्यासमोरून जाणारे ते काळे उंट युरोपातल्या स्टुडिओतून छापखान्यात आणि छापखान्यातून आपल्या भिंतीवर आले.

आणि आम्ही एकटेच नाही. कतारनं गेल्या काही दशकांत या प्राच्यवादी चित्रांचा जगातला एक मोठा संग्रह विकत घेतलाय. ज्यांच्या आजोबांचा उंट भाड्यानं घेतला गेला, त्यांचे नातू त्या उंटाचं चित्र लिलावात घेतात. कोणी याला गुलामी म्हणेल. मला त्यात थोडी हिशेबाची फेडही दिसते.

त्याच काळात आतून काढलेली चित्रंही होती. उस्मान हमदी बे पॅरिसमध्ये शिकला, जेरोमच्याच धाटणीत रंगवायचा, पण त्याच्या चित्रातले तुर्क वाचत असतात, वाद घालत असतात, विचारात पडलेले असतात. इस्तंबूलच्या शाही संग्रहालयाचा प्रमुख म्हणून त्यानं पुरातन वस्तू देशाबाहेर नेण्यावर बंदी आणणारा कायदा करवला. फ्रेंच चित्रकार एतिएन दिने अल्जीरियात बू-सआदाला स्थायिक झाला, १९१३ मध्ये इस्लाम स्वीकारून नासिरुद्दीन झाला, १९२९ मध्ये हज केला आणि त्याच वर्षी वारला. त्याचा दोस्त सुलेमान बिन इब्राहीम त्याच्या पुस्तकांवर बरोबरीचा लेखक म्हणून आहे. मुखपृष्ठावर, नावानिशी.

आमच्या भागाचं चित्र काढायला विषय कमी नाहीत. नागपूर वसवणारा बख्त बुलंद शाह गोंड होता आणि मुसलमान होता, देवगडच्या जंगलातला राजा. वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फतहुल्लाह जन्मानं कन्नड मुलखातला हिंदू होता. त्याच्या गाविलगडाच्या दरवाजावर कोरलेले सिंह आणि हत्ती धरलेला दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी अजून दिसतो. उमरेडहून नागपूरला जाताना उमरेड रोडवरच ताजबाग लागतो. ताजुद्दीन बाबांची भक्ती राजे रघुजीराव भोसल्यांनी केली. त्यांची तसवीर आजही चहाच्या टपरीपासून सराफाच्या दुकानापर्यंत, हिंदू-मुसलमान दोघांच्या भिंतीवर आहे. त्या तसबिरीत एक म्हातारा फकीर बसलेला आहे. मागे वाळवंट काढावं असं कोणाला सुचलं नाही.

खरा उंट मात्र उमरेडला येतो. पिकं निघाली की कच्छकडचे रबारी मेंढरांचे मोठे कळप घेऊन विदर्भात उतरतात. उंटावर उलटी बांधलेली खाट, भांडी, कोंबड्या आणि वर बसलेली लहान पोरं. रबारी हिंदू आहेत. शेतकरी बांधावर उभा राहून त्यांच्याशी सौदा करतो. मेंढरं किती रात्री शेतात बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किती द्यायचं, पाणी कोणत्या विहिरीचं घ्यायचं. बोलणी बराच वेळ चालतात. उंट तोवर बाभळीचा शेंडा ओरबाडत उभा असतो.